चार टाकाऊ पदार्थ, एक जिवाणू आणि ११ ग्रॅमचा गोळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याला जिवाणूकडून बायोसर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पृष्ठताण उतरवणारा पदार्थ, स्वस्तात करून घ्यायचाय. तेलानं माखलेल्या मातीतून एक स्यूडोमोनास जिवाणू वेगळा केला, बहुधा एरुजिनोसा. लिटरला २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट असलेल्या माध्यमात २ टक्के ग्लुकोजवर तो वाढवला, तेव्हा ब्रॉथचा (जिवाणू वाढलेल्या द्रवाचा) पृष्ठताण ७२ वरून ३१ मिलीन्यूटन प्रति मीटरवर आला. मग खर्च कमी करायचा म्हणून ग्लुकोजच्या जागी चार टाकाऊ पदार्थ प्रत्येकी २ टक्के घालून पाहिले. मळीवर वाढ दणदणीत, पण पृष्ठताण ४८ च्या खाली जाईना. व्हेवर, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या पाण्यावर, वाढच नाही. बायोडिझेलच्या कारखान्यातल्या कच्च्या ग्लिसरॉलवर आकडा ३३ आला. आणि तळणीच्या वापरलेल्या तेलावर वाढवलेल्या ब्रॉथमध्ये आम्ल घातल्यावर लिटरला ११ ग्रॅम पिवळसर चिकट गोळा तळाशी बसला. तेव्हा तेल जिंकलं असं धरून १० लिटरच्या फर्मेंटरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या मोठ्या भांड्यावर, जावं का?

इतक्यात जाऊ नका. चार निकालांपैकी एकही अजून निकाल म्हणावा असा नाही. तुमचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. या विषयात जवळपास सगळेच नेमक्या याच चार जागी घसरतात, मीही घसरलोय.

सुरुवात ग्लिसरॉलपासून करतो, कारण तिथला खड्डा मी स्वतः मोजलाय. उमेदीच्या काळात आम्ही चार महिने कच्च्या ग्लिसरॉलवर काम केलं. आकडे सुंदर येत होते, ३० ते ३३. एके दिवशी एका फ्लास्कमध्ये इनॉक्युलम, म्हणजे सुरुवातीचे जिवाणू, घालायचंच राहून गेलं. तो फ्लास्कही बाकीच्यांसोबत शेकरवर तीन दिवस फिरला आणि मोजला तेव्हा आकडा आला ३१. जिवाणू नाही, तरी ३१. बायोडिझेल करताना तेलाची मिथेनॉलशी अल्काच्या (कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाच्या) मदतीनं प्रक्रिया होते. त्यात तेलातल्या मुक्त मेदाम्लांचा साबण होतो, आणि तो साबण ग्लिसरॉलच्या थरात येऊन बसतो. आम्ही चार महिने साबणाचा पृष्ठताण मोजत होतो.

म्हणून प्रत्येक कार्बन स्रोतासाठी जिवाणू न घातलेला फ्लास्क हवाच. तोही त्याच शेकरवर, तितकेच दिवस आणि शेवटी तसाच सेंट्रिफ्यूज करून मोजलेला. नुसतं 'शून्य तासाचं' मोजमाप पुरत नाही, कारण तीन दिवसांत तेल फुटतं, साबण विरघळतो, पीएच सरकतो. कच्चं ग्लिसरॉल वापरायचंच असेल तर आधी आम्ल घालून पीएच २-३ पर्यंत खाली आणा. साबणाची मेदाम्लं होऊन वर तरंगतात, ती काढून टाका. मग तापवून मिथेनॉल उडवून लावा (हे फ्यूम हूडमध्येच करा, उघड्या ज्योतीजवळ नको) आणि पीएच परत ७ वर आणा. मीठ मात्र राहणारच. अल्क आणि आम्ल एकमेकांना मारतात तेव्हा त्यांचं मीठ होतं, ते कुठे जाणार? एवढं सगळं करून तुमच्या ग्लिसरॉलवर खरा ३३ आला, तर मला आनंदच होईल. शुद्ध केलेलं ग्लिसरॉल स्यूडोमोनासला चांगलं मानवतं.

पृष्ठताणाबद्दल आणखी एक, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ३१ हा आकडा तुम्हाला 'किती' ते सांगत नाही. पाण्यात सर्फॅक्टंट वाढत जातो तसा पृष्ठताण घसरतो, पण एका मर्यादेनंतर रेणू पृष्ठभागावर न थांबता पाण्यातच एकमेकांशी गोळे बांधतात. त्यांना मायसेल म्हणतात. तिथून पुढे कितीही सर्फॅक्टंट घातला तरी आकडा हलत नाही. तुमचा जिवाणू करतो तो सर्फॅक्टंट म्हणजे ऱ्हॅम्नोलिपिड, ऱ्हॅम्नोज ही साखर आणि मेदाम्लं जोडलेला रेणू. म्हणजे लिटरला पाव ग्रॅम ऱ्हॅम्नोलिपिड असलं तरी ३१ आणि दहा ग्रॅम असलं तरी ३१. ग्लुकोज ३१ आणि ग्लिसरॉल ३३ ही तुलना त्यामुळे फारशी कामाची नाही.

ब्रॉथ पातळ करून मोजा. पाचपट, दहापट, वीसपट, चाळीसपट, आणि पीएच प्रत्येक वेळी सारखा ठेवा. आकडा कुठे उचल खातो ते पाहा. समजा तुमच्या मिश्रणाची मायसेल बांधायची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे आणि ब्रॉथ चाळीसपट पातळ केल्यावर पृष्ठताण वर जायला लागला. मग मूळ ब्रॉथमध्ये लिटरला साधारण २ ग्रॅम आहे असा अंदाज बांधता येतो. ही मर्यादा ऱ्हॅम्नोलिपिडच्या प्रकारांनुसार बरीच बदलते, म्हणून ५० हा आकडा डोळे मिटून घेऊ नका, स्वतःच्या शुद्ध केलेल्या नमुन्यावर काढा. पण चार फ्लास्कची आपसात तुलना करायला ही युक्ती एका दुपारचं काम आहे, आणि रिंग टेन्सिओमीटर (पृष्ठताण मोजायचं उपकरण) सोडून काहीही लागत नाही.

आता 'प्रत्येकी २ टक्के' या शब्दांकडे येतो. मला सगळ्यात जास्त तेच खटकले. टक्के सारखे ठेवले म्हणजे तुलना सारखी झाली असं वाटतं. पण जिवाणू टक्के खात नाही, कार्बन खातो. हिशेब करून बघू. ग्लुकोजमध्ये वजनाच्या ४० टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरला २० ग्रॅम ग्लुकोजमधून ८ ग्रॅम कार्बन. तेलात ७७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५ ग्रॅमहून थोडा जास्त. कच्चं ग्लिसरॉल ८० टक्के शुद्ध धरलं तर सव्वासहा ग्रॅम. मळीत साखर साधारण निम्मी, म्हणजे २० ग्रॅम मळीत १० ग्रॅम साखर आणि त्यातून जेमतेम ४.२ ग्रॅम कार्बन. आणि व्हे? त्यात लॅक्टोज असतं ४.५ ते ५ टक्के. तुम्ही व्हेच लिटरला २० मिलिलिटर घातला असेल तर एक ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे ०.४ ग्रॅम कार्बन. एवढ्यात त्या जिवाणूची दाढही ओली होणार नाही.

नायट्रोजन सगळीकडे सारखा आहे. २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेटमध्ये ०.४१ ग्रॅम. भागाकार केला की कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर येतं: तेल ३७, ग्लुकोज १९, ग्लिसरॉल १५, मळी १०, व्हे १.

ही रांग तुमच्या निकालांशेजारी ठेवून बघा. स्यूडोमोनास एरुजिनोसा ऱ्हॅम्नोलिपिड भरभरून करतो तो नायट्रोजन संपत आल्यावर. पेशी वाढवायला नायट्रोजन उरला नाही, कार्बन मात्र शिल्लक आहे, अशा वेळी. १९८० च्या दशकात गुएरा-सांतोस, केप्पेली आणि फीश्टर यांनी ग्लुकोजवरच्या सलग किण्वनात हे नीट दाखवलं. त्यांच्याकडे १६ ते १८ या गुणोत्तराला उत्पादन सर्वाधिक आलं आणि ११ च्या खाली काहीच आलं नाही. त्यांचा स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, वेगळा, पद्धत वेगळी, म्हणून हे आकडे तुमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ नव्हेत. पण १० वर बसलेली तुमची मळी 'वाढ दणदणीत, माल नाही' असं का वागली, याचं पहिलं उत्तर इथेच आहे. मळीचा स्वतःचा थोडाफार नायट्रोजन धरला तर आकडा १० च्याही खाली जातो.

दुसरं उत्तर लोह. त्याच गटानं लोह कमी ठेवल्यावर उत्पादन वाढतं असंही दाखवलं होतं, आणि मळीत लोहाची कमतरता कधीच नसते. तिसरं म्हणजे मळीतली बरीचशी साखर सुक्रोज असते आणि एरुजिनोसाच्या पुष्कळ स्ट्रेनना सुक्रोज फोडता येत नाही. ते त्यातल्या मोकळ्या ग्लुकोज-फ्रुक्टोजवर वाढतात आणि सुक्रोज तसंच पडून राहतं. मळी आम्लात तापवून सुक्रोज फोडून घ्या, गाळा, मग साखर मोजा आणि त्या मोजलेल्या साखरेवरून नायट्रोजन ठरवा. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालत असाल तर बंद करा, त्यातूनही नायट्रोजन येतो. वाढ जरा रोडावेल, रोडावू द्या. आपल्याला पेशींचं पीक काढायचं नाहीये.

व्हेबद्दल फार लिहीत नाही. एरुजिनोसाकडे लॅक्टोज फोडायचं एन्झाइमच नसतं. १९८८ मध्ये त्याच स्विस गटानं ई. कोलायची लॅक्टोजची जनुकं त्यात घालून व्हेवर ऱ्हॅम्नोलिपिड काढून दाखवलं, पण तो तुमच्या आवाक्यातला उद्योग नव्हे. लॅक्टेज घालून लॅक्टोज आधी फोडता येतं, मात्र त्या एन्झाइमचा खर्च, शिवाय प्रथिनांतून येणारा जास्तीचा नायट्रोजन काढायची खटपट. व्हे सोडून द्या.

स्टार्चचं सांडपाणी जवळ असतं तर मी जिवाणूच बदला म्हटलं असतं. बॅसिलस सब्टिलिसकडे अमायलेज, म्हणजे स्टार्च फोडणारं एन्झाइम, असतं आणि त्याचं सर्फॅक्टिन हे बायोसर्फॅक्टंट पृष्ठताण २७ पर्यंत खेचतं. फक्त १६८ हा प्रयोगशाळेतला लाडका स्ट्रेन घेऊ नका. त्याचं एसएफपी जनुक मोडकं आहे, त्यामुळे तो सर्फॅक्टिन करतच नाही, आणि हे माहीत नसलेली मंडळी दोन-दोन महिने त्यात फेस शोधत बसतात.

आता तुमचा लाडका ११ ग्रॅमचा गोळा.

एरुजिनोसा लायपेज, म्हणजे तेल फोडणारं एन्झाइम, सोडतो. तेलाचे रेणू फुटून ग्लिसरॉल आणि मेदाम्लं मोकळी होतात, ती तो हळूहळू खातो. तुम्ही ७२ तासांनी थांबलात तेव्हा न खाल्लेली मेदाम्लं ब्रॉथमध्ये होतीच. तळणीचं तेल असेल तर पहिल्या दिवसापासून होती, कारण तळताना तेल फुटतंच. पीएच ७ ला ती साबणासारखी विरघळून किंवा इमल्शनमध्ये बसलेली असतात. मग तुम्ही पीएच २ वर नेलात. ऱ्हॅम्नोलिपिड आम्लात अविद्राव्य होतं, पण मेदाम्लंही होतात. दोघं हातात हात घालून खाली बसले. सोबत प्रथिनंही आली असतील. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही.

गोळा बघूनच थोडा अंदाज येतो. ऱ्हॅम्नोलिपिडचा साका तपकिरी, मधासारखा चिकट असतो आणि पीएच ८ च्या बफरमध्ये हलवला की बऱ्यापैकी स्वच्छ विरघळतो. तुमचा पिवळसर आहे म्हणता. बोटांत घेतला तर मेणचट, तेलकट लागतो का? बफरमध्ये दुधाळ होतो का? होत असेल तर त्यात मेदाम्लं भरपूर आहेत. वाळवून हेक्सेननं दोन-तीनदा धुवा. मेदाम्लं आणि उरलेलं तेल हेक्सेनमध्ये निघून जातं, ऱ्हॅम्नोलिपिड बहुतेक मागे राहतं. माझ्या हातून गेलेल्या अशा गोळ्यांचं धुतल्यावर निम्मंही वजन उरलं नाही, असं कितीतरी वेळा झालंय. पुढे टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करायची पद्धत) करा: क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, ॲसिटिक आम्ल ६५:१५:२. ऑर्सिनॉल-सल्फ्युरिक आम्ल फवारून तापवलं की साखर असलेले ठिपके उठून दिसतात. मोनो-ऱ्हॅम्नोलिपिड वर जातं, डाय खाली राहतं. मेदाम्लं त्यांच्याही वर पळतात आणि ऑर्सिनॉलला दाद देत नाहीत.

ऑर्सिनॉलनं ब्रॉथमधलं ऱ्हॅम्नोलिपिड थेट मोजायचा मोह होईल. ग्लुकोज किंवा मळी असलेल्या ब्रॉथवर तो मोह आवरा, कारण ऑर्सिनॉल साखरेला भुलतं, मग ती कुठलीही असो. आधी इथाइल ॲसिटेटनं काढून घ्या. आणि मोजलेल्या ऱ्हॅम्नोजला ठरावीक आकड्यानं गुणून ऱ्हॅम्नोलिपिड काढताना तो आकडा कुठून आला ते बघा. ऱ्हॅम्नोजचा रेणूभार १६४. नेहमीच्या मोनो-ऱ्हॅम्नोलिपिडचा ५०४ आणि त्यात ऱ्हॅम्नोज एक, म्हणून गुणक ३.०७. डाय-ऱ्हॅम्नोलिपिडचा ६५० आणि त्यात ऱ्हॅम्नोज दोन, म्हणून गुणक १.९८. तुमच्याकडे बहुतांश डाय असेल आणि तुम्ही तिनानं गुणलं, तर कागदावर माल दीडपट झाला, फ्लास्कमध्ये तितकाच. शक्य झालं तर एकदा तरी एचपीएलसी-मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या तपासणीला) नमुना पाठवा.

समजा हे सगळं करून ११ चे ५ ग्रॅम खरे निघाले. ते वाईट नाही, उलट चांगलंच आहे. तेलावर एरुजिनोसा खरोखर जास्त देतो. सूर्यफुलाच्या तेलावर नीट चालवलेल्या फर्मेंटरमध्ये पीएओ१ या नेहमीच्या स्ट्रेननं लिटरला ३९ ग्रॅम दिल्याची नोंद आहे. प्रश्न तेल देतं की नाही हा नाहीच. ते शेवटी मागे काय ठेवून जातं, हा आहे. बायोसर्फॅक्टंटच्या एकूण खर्चात कच्च्या मालाचा वाटा साधारण १० ते ३० टक्के धरतात आणि वेगळं काढून शुद्ध करण्याचा ६० ते ८० टक्के. कार्बन स्रोत निम्म्या किमतीत मिळाला तर एकूण खर्चातले ५ ते १५ टक्के वाचले. त्याच्या पायी शुद्धीकरणात हेक्सेनच्या दोन धुण्या वाढल्या, इमल्शन फोडायला सेंट्रिफ्यूज जास्त वेळ चालवावा लागला, रंग काढायला कोळसा लागला, की वाचलेलं सगळं गेलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून मी पहिल्यांदा विचारतो ते हे, की माल कशासाठी हवाय? तेलकट माती धुवायची, टाकीच्या तळाचा गाळ सैल करायचा, असलं काम असेल तर शुद्ध करायचंच कशाला? पेशी काढलेला, निर्जंतुक केलेला ब्रॉथ तसाच वापरता येतो. तिथे मळीचा रंग आणि तळणीच्या तेलाचा वास कुणाला खटकत नाही. टाकाऊ कार्बनचं खरं स्थान तिथे आहे. पण त्वचेला लागणारं किंवा भांड्यांना लागणारं काही करायचं असेल, तर मी स्वच्छ साखर किंवा चांगलं ताजं तेल घेईन आणि रात्री शांत झोपेन. एव्होनिक या जर्मन कंपनीनं २०२४ मध्ये स्लोव्हाकियात औद्योगिक प्रमाणावर ऱ्हॅम्नोलिपिड करायला सुरुवात केली, तीही मक्यापासूनच्या साखरेवर. एवढ्या मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्यांनी तळणीचं तेल घेतलं नाही, यात बरंच काही आलं.

टाकाऊ मालाची आणखी एक खोड: तो दर वेळी वेगळा येतो. या महिन्याचं तळणीचं तेल आणि पुढच्या महिन्याचं तेल ही नावापुरती सारखी. प्रयोगांसाठी एकच मोठा साठा घ्या, नीट हलवून लहान बाटल्यांत भरा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा, आणि निदान आम्लमूल्य (मुक्त मेदाम्लं किती ते) तरी लिहून ठेवा. नाहीतर दोन बॅचमधला फरक स्ट्रेनचा, माध्यमाचा की तळणाऱ्याचा, हे कधीच कळणार नाही.

फर्मेंटरबद्दल आत्ता एवढंच सांगतो, की फेसाची तयारी केल्याशिवाय हात लावू नका. फ्लास्कमध्ये फेस गोजिरा दिसतो. १० लिटरच्या भांड्यात हवा सोडली की नायट्रोजन संपायच्या सुमारास, आणि हे हमखास पहाटे घडतं, फेस वर चढून हवा बाहेर सोडणाऱ्या फिल्टरमध्ये शिरतो. फिल्टर ओला झाला की बंद, बंद झाला की भांड्यात दाब, आणि सकाळी तुम्ही येता तेव्हा निम्मा ब्रॉथ जमिनीवर. सिलिकॉनचं अँटीफोम घातलं तर फेस बसतो, पण ते स्वतःच पृष्ठभागावर पसरतं आणि पृष्ठताणाची सगळी मोजमापं बिघडवतं. मी आउटलेटवर जाड नळी लावून फेस सरळ दुसऱ्या निर्जंतुक बाटलीत घेतो. फेसात सर्फॅक्टंट ब्रॉथपेक्षा दाट असतो, म्हणजे ती बाटली हेच शुद्धीकरणाचं पहिलं पाऊल झालं. पेशीही सोबत येतात, त्या मात्र परत भांड्यात पाठवाव्या लागतात. भांडं ६० टक्क्यांहून जास्त भरू नका. तेलावर चालवताना फेस थोडा कमी असतो, कारण तेलच त्याला दाबतं. तेलाच्या बाजूनं बोलायला हा एक खरा मुद्दा आहे.

आणि 'बहुधा एरुजिनोसा' हे 'बहुधा' आधी काढून टाका, १६एस (जनुकावरून जिवाणूची ओळख पटवायची चाचणी) करून घ्या. तो संधिसाधू रोगकारक आहे, जोखीम गट २ मधला. जखमेत, डोळ्यांत, प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसात तो घर करतो. १० लिटर फेसाळणारा एरुजिनोसा म्हणजे खोलीभर उडणारे तुषार. फेसाची बाटली बंद प्रणालीतच असायला हवी ती याचसाठी. पुढे उत्पादनाचा विचार असेल तर बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस किंवा ऱ्हॅम्नोलिपिडची जनुकं घातलेला स्यूडोमोनास प्युटिडा बघा. माल कमी येतो, परवानगीचं डोकं कमी दुखतं.

तेव्हा या आठवड्यात नवं काही लावू नका. फ्रीजमधला तो गोळा टाकला नसेल तर हेक्सेननं धुवून परत वजन करा. चारही कार्बन स्रोतांचे जिवाणू नसलेले फ्लास्क शेकरवर चढवा. ते फिरत असताना जुने ब्रॉथ पातळ करत पृष्ठताणाच्या रेषा काढा. मग कार्बन लिटरला ८ ग्रॅम सगळीकडे सारखा धरून ग्लुकोज, फोडलेली मळी, साफ केलेलं ग्लिसरॉल आणि तेल अशी चौघांची शर्यत पुन्हा लावा. तेल त्या हिशेबानं २ नव्हे, १ टक्क्याच्या जरासं वर बसेल. नायट्रेट तेवढंच ठेवा, आणि दर १२ तासांनी नायट्रेट किती उरलं ते चाचणीच्या पट्टीवर पाहून वहीत लिहा. ते संपल्यानंतर किमान ४८ तास फ्लास्क उतरवू नका.